चुन्याने आखलेल्या दोन बोटी

अहो, काल कोचीहून फोन आला होता. तुमच्या मोबाइलवर. तो मी अजून रोज चार्ज करते. का करते ते रेवाने विचारलं नाही आणि मीही लेकीला सांगायला गेले नाही. फोनवर त्या बोटीचे मालक होते, ते म्हातारे डॉक्टर. आपल्या मोडक्या हिंदीत आधी अकोल्याच्या उन्हाची चौकशी केली, मग म्हणाले, बोटीचं काय ठरलं? माझ्या तोंडून निघून गेलं, "अभी सोच रहे हैं." यावर ते म्हणाले, साहेब तर बोलले होते, यापुढे फोन मॅडमच करतील. मला काही समजलं नाही. करीन, म्हटलं आणि ठेवून दिला.

तेरवी झाली, माणसं पांगली, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याच्याकडे परत गेली, आणि कोचीत एका माणसाच्या लेखी तुम्ही अजून बोटीचा विचार करत बसला आहात. मला ते मोडवेना. मी खोटं बोलले असंही वाटत नाही. विचार करता करताच तर गेलात तुम्ही.

ज्याला सांगावं तो हसायचा. अकोल्यात राहून बोट घ्यायची! तुमच्याबरोबरचे निवृत्त झाले की पुण्यात फ्लॅट घेत, नाहीतर वर मजला चढवत. तुम्ही तीस वर्षं जहाजांवर इंजिनं सांभाळलीत, आणि घरी आल्यावर म्हणालात, आता शिडाची बोट. जुनी चालेल, दोघांना राहता येईल एवढी हवी. दिवाळी झाली की निघायचं, किनाऱ्या-किनाऱ्याने फिरायचं, मन लागलं तर लक्षद्वीपपर्यंत जायचं आणि मृगाच्या आत अकोल्याला परत. मी विचारलं, इंजिनाच्या माणसाला शिडाचं एवढं काय कौतुक? तेव्हा तुम्ही म्हणालात, "अवं, जल्मभर जहाजाच्या पोटात बसलो. खाली गरमी, तेल आन् आवाज. समुद्र पाह्यलाच कुठी मी? आता वर बसून पाह्यचा हाये."

मीही तीस वर्षं शाळेत पोरांना महासागर शिकवले ते भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवूनच.

दोन बोटी नजरेत भरल्या होत्या. एक गोव्याला, एक कोचीला. दोन्ही छत्तीस फुटी, कागदावर पाहिलं तर बहिणी-बहिणी. प्रत्यक्षात त्यांचं एकमेकींशी काही जमत नव्हतं. गोव्याची अरुंद, जड, आतून काळोखी. बोटीला सरळ ठेवणारी तळाची जी जड पाती असते, ती कील, तिला पुढून पार मागेपर्यंत होती. चालीला मंद. बंदरात मागे घ्यायची म्हटलं की म्हशीसारखी अडून बसणार, पण समुद्रात एकदा दिशा धरली की सोडायची नाही, असं तुम्ही म्हणायचा. कोचीची रुंद आणि हलकी. तिची कील आखूड, त्यामुळे जागच्या जागी वळायची. आत ताठ उभं राहता यायचं. खिडक्या मोठाल्या, उजेड भरपूर, आणि मागच्या बाजूला एक खोली होती, तिच्यात चांगला ऐसपैस डबल बेड. मी त्या बेडवर बसले आणि माझं तिथेच ठरलं.

गोव्याच्या बोटीत शिरताना माझं डोकं आपटलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे, कारण तुम्ही हसला होता. बोट विकणाऱ्या एजंटने शिडं उघडून आपल्याला बाहेर नेलं. दुपारी वारा वाढला, बोट एका बाजूला कलली आणि मी दोन्ही हातांनी कठडा धरून देवाचं नाव घेत बसले. तुम्ही मात्र खाली जाऊन तिथल्या बर्थवर पडलात. रेल्वेचा साइड बर्थ बरा म्हणावा इतका तो चिंचोळा. त्याच्या कडेला कॅनव्हासचा एक पट्टा होता. तो वर ओढून बांधला की झोपलेला माणूस कितीही हेलकावे बसले तरी खाली पडत नाही. तुम्ही तो बांधून घेतलात आणि आतून मला हाक मारलीत, "शालू, ये ना वं. पाळण्यात पडल्यासारखं वाटते."

"अकोल्याहून मुंबईले जातानी साइड बर्थ भेटला तं टीसीसंग भांडता तुमी," मी वरूनच म्हटलं. मी वाकून पाहिलं तर तुम्हाला झोप लागली होती. इतकी शांत झोप मी तुमच्या चेहऱ्यावर घरी कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला.

कोचीला गेलो तेव्हा वारा पडला होता. ती बोट धक्क्याला बांधलेलीच पाहिली. डॉक्टरांनी चहा दिला, आपण मोठ्या खिडकीशी बसून तो प्यायलो. परतीच्या गाडीत मी म्हटलं, एक चालताना पाहिली आणि एक उभी असताना, हा काही न्याय नाही. तुम्ही म्हणालात, "तुले बी मी अमरावतीले सतरंजीवर बसल्या जागीच पाह्यलं होतं. फसलो का?" समोरच्या बर्थवरची बाई तोंडाला पदर लावून हसली.

खरा वाद बोटींचा नव्हता, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. कोचीची बोट राहायला चांगली होती, गोव्याची जायला. तीस वर्षं तुम्ही गेलात आणि मी राहिले. रेवाचे दात, रेवाचे ताप, तुमच्या आईचं शेवटचं आजारपण, कूलरचं पाणी, सगळं मी राहून केलं. आता मला कुठेतरी दोघांनी मिळून राहायचं होतं, मग ते पाण्यावर का असेना. कुठल्याशा खाडीत नांगर टाकावा, खिडकीतून उजेड यावा, तुम्ही उठून गेला तरी डेकपर्यंतच जाल, त्यापलीकडे नाही. तुमचं म्हणणं वेगळं होतं. इतकी वर्षं तुला मागे ठेवून गेलो, आता तुला घेऊन जायचं आहे. हे तुम्ही मला कधी या शब्दांत सांगितलं नाही. तुम्ही मला कीलची लांबी सांगायचा.

आणि मग तो चुना. आपल्याकडे घर बांधायचं तर पाया खोदायच्या आधी जमिनीवर चुन्याने खोल्या आखतात, आणि घरचे सगळे त्यात फिरून पाहतात. अमरावतीच्या आमच्या घराच्या वेळी माझी आई चुन्याच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसली होती आणि बसल्या जागेवरून देवघर दिसत नाही म्हणून तिने भिंत सरकवायला लावली होती. ही गोष्ट मीच तुम्हाला सांगितली. तुम्ही म्हणालात, बोटीचं तेच करू.

आपल्या घराशेजारचा रेवासाठी घेऊन ठेवलेला प्लॉट रिकामाच होता. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून हमीदभाई चुन्याची गोणी घेऊन आले, बरोबर दोरी आणि खुंट्या. तुम्ही हातात नकाशे धरून सांगत होता आणि ते चुना सोडत होते. गोव्याची निघाली सुरीच्या पात्यासारखी, कोचीची पपई उभी कापल्यासारखी. हमीदभाईंनी मागे सरून पाहिलं आणि विचारलं, "साब, दरवाजा किधर रखना?"

"दरवाजा वरून हाये हमीदभाई."

"ऊपर से? मतलब घर में उतरना पडेगा? कुएँ के जैसा?"

"हो. तसंच समजा."

त्यांनी हातांचा चुना झटकला. मग म्हणाले, "भाभीजी को मंजूर है क्या?" मी घरातूनच ओरडले, नाही.

पलीकडच्या देशमुखकाकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. भूमिपूजन कधी आहे, आणि स्वयंपाकघर आग्नेयेला आलं का, हे त्यांचे दोन प्रश्न. तुम्ही गंभीर चेहऱ्याने त्यांना सांगितलंत, "काकू, हे घर फिरते. दिवसातून चारदा आग्नेयेले येते." काकूंनी ते गल्लीभर सांगितलं. काही दिवस लोक गाडी थांबवून आपला प्लॉट बघायचे.

तो हिवाळा आपला सगळ्यात चांगला गेला. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा मी ते तुम्हाला सांगितलं नाही. संध्याकाळी आपण प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन जायचो आणि एक दिवस या बोटीत, एक दिवस त्या बोटीत चहा घ्यायचो. रेषेवर पाय पडला की तुम्ही म्हणायचा, गेलीस पाण्यात. शेळ्या येऊन गोव्याच्या बोटीचं नाक पुसून जायच्या. साठीच्या घरातली दोन माणसं चुन्याच्या रेघांत बसून शेंगदाणे खातायत, हे लांबून कसं दिसत असेल याची मला पर्वा नव्हती.

कोचीची बोट त्या प्लॉटवर हटकून जिंकायची. मोकळी होती ना. गोव्याच्या बोटीत खुर्ची वळवायची पंचाईत. तुम्ही मग एकदा दुपारच्या जेवणात घास हातातच ठेवून म्हणालात, "शालू, घोळ जमिनीचा हाये. जमीन सरळ हाये. सरळ जमिनीवर रुंदच बोट चांगली वाटन. समुद्र काई सरळ नसते."

त्या दिवशी तुम्ही हमीदभाईंकडून विटा आणवल्यात. कोचीच्या बोटीत ओटा एका भिंतीला सरळ लागून होता. तिथे टेबल मांडून त्याच्या एका बाजूच्या पायांखाली विटा घातल्यात, वर गॅसची छोटी शेगडी ठेवलीत आणि मला म्हणालात, चहा कर. आधण भगुण्यासकट घसरलं ते थेट माझ्या पायाशी. मग गोव्याच्या बोटीतला ओटा मांडलात. तो तिन्ही बाजूंनी वळलेला, मध्ये एका माणसापुरती फट. तिथे उभी राहिले तर एकीकडे कंबर टेकत होती, दुसरीकडे पाठ. तिरप्या टेबलावर चहा झाला. तुम्ही बशीत ओतून प्यायलात आणि नुसते माझ्याकडे पाहत राहिलात. मी म्हटलं, साखर जास्त झाली.

तेवढ्याने भागलं नाही. घरातल्या आपल्या डबल बेडच्या दोन पायांखाली तुम्ही विटा घातल्यात आणि मला वरच्या बाजूला झोपायला लावलंत. मी गडगडत तुमच्या अंगावर. "पाह्यलं?" तुम्ही म्हणालात. "रुंद पलंगावर माणूस थांबतच नाई. लाट आली का गेला."

"मंग काय बिघडलं?" मी म्हटलं.

तुम्ही छताकडे पाहून हसत सुटलात. इतके हसलात की खोकला लागला. विटा आठ दिवस तशाच होत्या, आणि त्या काढा असं आपल्यापैकी कोणीच म्हटलं नाही.

पाठ दुखायला लागली तेव्हा आपण त्या विटांवरच खापर फोडलं. या वयात कशाला उचलायच्या, मी ओरडले. हमीदभाई रोज तेल घेऊन यायचे. त्यांना अजून वाटतं की त्यांच्या विटांनीच झालं, मी किती सांगितलं तरी. पाठीचं दुखणं पाठीचं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि तुमच्याशी मराठीत चाललेलं बोलणं मध्येच इंग्रजीत सुरू केलं, तेव्हाच मला कळलं. पोटातली गाठ हाडांपर्यंत पोचली होती. परत येताना तुम्ही गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहत होता. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणालात, "गोव्याच्या बोटीले डिझेलची टाकी लहान हाये, तेवढं एक खरं." मी म्हटलं, कोचीच्या बोटीची मोठी आहे. तुम्ही म्हणालात, "कायले पाह्यजे मोठी? शिडं हायेत ना." आणि आपलं भांडण तिथून पुढे सुरू राहिलं.

मी ते चालू ठेवलं, कारण दुसरं काही बोलायला उरलं नव्हतं. दुसरं जे होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. औषधं, डायपर, मळमळ, मॉर्फिनच्या गोळ्यांची वेळ, हे आपण नुसतं करत होतो. बोलत होतो बोटींवर. उन्हाळा तापत गेला तसे तुम्ही आटत गेलात. हॉलमध्ये कूलरच्या समोर आपला डबल बेड आणून तुमची जागा केली होती. कूलरमधलं पाणी संपलं की मला कळायच्या आधी तुम्हाला आवाजावरून कळायचं. तुम्ही हाताचं बोट वर करायचा आणि मी नळी लावायची. बाकी शरीर गेलं, पण कान शेवटपर्यंत इंजिनवाल्याचे राहिले.

खिडकीतून प्लॉट दिसायचा. चुना वाऱ्याने उडायचा, शेळ्यांच्या खुरांनी जायचा. हमीदभाई भेटायला आले की तुम्ही त्यांना हळूच सांगायचा, रेघा ताज्या करा. पण गोव्याच्याच. कोचीच्या बोटीच्या रेघा पुसत गेल्या आणि गोव्याची मात्र पांढरीशुभ्र. मला वाटायचं, बघा, मरणाच्या दारातही आपलीच बोट ताजी ठेवतोय माणूस. राग यायचा मला. तुमच्या दुखण्यावर रागावता येत नव्हतं, म्हणून तुमच्या चुन्यावर रागवायचे.

तुम्ही डबल बेडवरून पडलात त्या दुपारी मी स्वयंपाकघरात होते. आवाज आला. मी येऊन पाहिलं तर तुम्ही जमिनीवर आणि चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा शरम जास्त. एकटीने उचलवेना. हमीदभाईंना हाक मारली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला असतो तसा कठड्यांचा पलंग भाड्याने आणला. अरुंद. दोन्ही बाजूंना कठडे, पाठीशी एक लोड, पोटाशी एक लोड, मध्ये तुम्ही. कित्येक दिवसांनी तुम्हाला सलग झोप लागली. जाग आली तेव्हा तुम्ही कठड्यावरून हात फिरवलात आणि माझ्याकडे पाहिलंत. गोव्याच्या त्या बर्थवर तुम्हाला झोप का लागली होती ते मला त्या क्षणी समजलं. ज्याला हेलकावे बसतात त्याला ऐसपैस जागा नको असते. त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं.

तुमचंच बरोबर होतं, एवढं तेव्हा म्हणायचं होतं मला. ओठांपर्यंत आलं होतं. मी नाही म्हटलं. या एका भांडणात तुमचा आवाज अजून चढायचा, डोळ्यांत चमक यायची, उशीवरून मान उचलायचा तुम्ही. मी हरले असते तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कशासाठी मान उचलली असती? म्हणून मी कोचीच्या खिडक्या, कोचीचा उजेड, कोचीचा पलंग तुमच्यापुढे आळवत बसले. मला स्वतःलाच आता तो पलंग नकोसा झाला होता.

"ठरव वं आता," तुम्ही एकदा म्हणालात. शेवटचंच म्हणायचं ते धड बोलणं, त्यानंतर शब्द तुटत गेले.

"कोचीचीच," मी म्हटलं.

"लय हट्टी हायेस." तुम्ही डोळे मिटलेत. हसत होता. हरल्यावर माणूस इतका समाधानाने हसत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

तुम्ही गेलात त्या सकाळी मांडव त्या प्लॉटवरच घातला, दुसरीकडे जागा नव्हती. खुर्च्या मांडल्या गेल्या. लोक येत होते, बसत होते, चपला घासत होते. तुमचे भाऊ गोव्याच्या बोटीच्या टोकाशी बसले होते. कोणालाच माहीत नव्हतं कुठे बसलोय ते. हमीदभाई बांबू घेऊन आले आणि तिरडी तिथेच बांधायला घेतली. मी खिडकीशी उभी होते. देशमुखकाकू मला आत ओढत होत्या, बायकांनी बघू नये म्हणत होत्या. मी बघितलं. तिरडीची रुंदी त्या बर्थएवढीच असते. तुम्हाला तिच्यावर ठेवलं आणि दोरीने आवळून बांधलं, वाटेत पडू नये म्हणून. दुसरं काही कारण नसतं त्या दोरीला. मला तो कॅनव्हासचा पट्टा आठवला आणि पाळण्यात पडल्यासारखं वाटतं म्हणणारा तुमचा आवाज आठवला, आणि मग मला काकूंनी आत नेलं.

अस्थी समुद्रात न्यायच्या का, असं रेवाने विचारलं होतं. बाबांना आवडलं असतं, म्हणाली. मी नाही म्हटलं. समुद्राने तुम्हाला इतकी वर्षं नेलं, आता आपल्या हाताने तिथे पाठवायला माझं मन धजलं नाही. पूर्णेत सोडल्या. चुकलं असेल तर चुकलं.

आज सकाळी मी फोन घेऊन बसले. ठरवलं होतं, आधी गोव्याला करायचा. त्या एजंटला सांगायचं की साहेब गेले, आणि हेही सांगायचं की साहेबांचंच बरोबर होतं. तुम्हाला नाही सांगता आलं, निदान ज्याच्या बोटीसाठी तुम्ही भांडलात त्याला तरी सांगावं. तेवढ्याने मला जरा मोकळं वाटलं असतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटलं त्याला, खरोखर वाटलं. मग म्हणाला, मॅडम, ती बोट तर केव्हाच गेली. साहेबांनीच फोन करून सांगितलं होतं, माझ्यासाठी अडवून ठेवू नका, कोणी चांगला जाणारा भेटला तर द्या. एक तरुण जोडपं होतं, ते घेऊन गेलं, आता अंदमानकडे आहेत. मी विचारलं, साहेबांचा फोन कधी आला होता? त्याने आठवून सांगितलं. आपण नागपूरहून रिपोर्ट घेऊन आलो तोच आठवडा.

फोन ठेवून मी बराच वेळ तुमच्या रिकाम्या पलंगाच्या कठड्याला धरून बसले. म्हणजे सगळा उन्हाळा तुम्ही विकून गेलेल्या बोटीची बाजू घेऊन माझ्याशी भांडत होता. हमीदभाईंकडून रेघा ताज्या करून घेत होता त्या बोटीच्या, जी तिकडे दुसऱ्याच कोणाला तरी घेऊन निघाली होती. आणि कोचीच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, यापुढे मॅडमच फोन करतील. जाणारी सोडून दिलीत, राहणारी माझ्यासाठी ठेवलीत. आणि मला पत्ता लागू दिला नाहीत, कारण तुम्ही गोव्याची बोट सोडली हे मला कळलं असतं तर दुसरंही सगळं मला कळलं असतं.

आधी राग आला. या माणसाने शेवटीही एकट्यानेच ठरवलं, नेहमीसारखं, आणि मला नंतर कळवलं. मग हसू आलं. मला पटलं होतं आणि मी पटलं नाही म्हणत होते, तुम्ही सोडून दिलं होतं आणि सोडणार नाही म्हणत होता, आणि मध्ये कूलर घरघरत होता. बरं झालं मी तेव्हा हो म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं की ती बोट आता नाही. मग आपण दोघं त्या हॉलमध्ये काय बोललो असतो? तुम्ही मला एक पूर्ण उन्हाळा बोलायला दिलात, अहो. त्याबद्दल तुमचे उपकार मानायचे की तुमच्याशी भांडायचं, हे मला अजून ठरवता येत नाही. समुद्र वर बसून पाहायचा होता तुम्हाला. पाहिलात तो अर्धा दिवस, त्यातलाही बराचसा झोपेत. हे मला सोसत नाही, आणि याच्यावर कोणाकडे औषध नाही.

दुपारी कोचीला फोन लावला. डॉक्टरांना सांगितलं, साहेब गेले. त्यांनी कधी, कसं ते विचारलं. मग त्यांच्या त्या हिंदीत म्हणाले, बोट तुमच्या नावाची धरून ठेवली आहे, साहेबांना शब्द दिला होता, हवा तेवढा वेळ घ्या. मी म्हटलं, वेळ नको, ती दुसऱ्या कोणाला द्या. त्यांना नवल वाटलं. म्हणाले, तुम्हाला तर ती आवडली होती. तो मागचा मोठा पलंग किती आवडला होता.

मी म्हटलं, तेवढा मोठा पलंग घरी आहे.